घरातील संगणकांची जोडणी : तार, पत्ता आणि परवानगी



घरात एकच संगणक असण्याचे दिवस आता अनेक घरांतून मागे पडले आहेत. मधल्या खोलीत जुना डेस्कटॉप असतो, सोलापूरला किंवा पुण्याला शिकायला गेलेल्या ताईचा लॅपटॉप सुट्टीत घरी येतो, आणि फोन तर घरटी तीन-चार असतातच. पण डेस्कटॉपवर टाईप केलेला प्रकल्प लॅपटॉपवर न्यायचा म्हटले की आपण काय करतो? एक तर पेनड्राइव्ह शोधतो, नाही तर फाईल स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. म्हणजे मधल्या खोलीतून माजघरात जाणारी फाईल आधी गाव सोडून कुठल्या तरी दूरच्या शहरातील मोठ्या संगणकावर जाते आणि तिथून आपल्याच घरी परत येते. रेंज गेली की काम थांबले. वास्तविक त्या दोन संगणकांमधील अंतर असते दहा-बारा पावलांचे.

हे अंतर थेट जोडता येते आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. 'नेटवर्क' आणि 'इंटरनेट' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथेच घोटाळा होतो. दोन संगणक एकमेकांशी बोलू लागले की नेटवर्क झाले. जगभरची अशी असंख्य नेटवर्के एकमेकांना जोडली गेली, त्याला इंटरनेट म्हणतात. परसातल्या विहिरीचे पाणी घरात आणायला धरणाच्या कालव्याची वाट पाहावी लागत नाही, तसेच हे आहे. रिचार्ज संपलेला असला तरी घरातल्या घरात फाईल फिरू शकते.

ही कल्पना निघालीही अशाच घरगुती गरजेतून. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात अनेक छोटे संगणक होते आणि नवा लेझर प्रिंटर तयार होत होता. प्रत्येक संगणकाला वेगळा प्रिंटर देणे शक्य नव्हते. सर्वांनी एकाच प्रिंटरवर छापावे यासाठी रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले, त्यात 'इथरनेट' हे नाव आले. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी ते प्रत्यक्षात उतरवले. युक्ती साधी होती. सगळे संगणक एकाच तारेवर बोलतात. दोघे एकदम बोलले तर दोघेही थांबतात आणि थोडा, पण वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा सुरू करतात. कट्ट्यावर दोन माणसे एकदम बोलू लागली की जे होते तेच! हवाई बेटांवरील संगणक रेडिओने जोडण्यासाठी १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'अलोहानेट'वरून त्यांना ही कल्पना सुचली होती. मेटकाफ यांना २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज आपण ज्याला 'लॅन केबल' म्हणतो तिच्यातून चालते ते हेच इथरनेट.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण पाहायचे तर वारणेकडे जावे लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये केंद्र शासन, महाराष्ट्र शासन आणि तेथील सहकारी संस्था यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातील सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' नावाची योजना सुरू केली. गावागावांत संगणक ठेवले आणि ते कारखान्याच्या संगणकाशी जोडले. उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजन, खात्यावरची रक्कम या गोष्टींसाठी शेतकऱ्याला कारखान्यापर्यंत हेलपाटा घालावा लागू नये, हा हेतू. शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण अशा आणखी बऱ्याच गोष्टी त्यातून मिळतील असेही ठरले होते.

पुढे काय झाले ते मनोरंजक आहे. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी काही वर्षांनी पाहणी केली, तेव्हा गावातील संगणक मुख्यतः एकाच कामाला वापरले जात होते, ते म्हणजे गाव आणि कारखाना यांच्यामध्ये उसाचे आकडे इकडून तिकडे पाठवणे. एवढ्या कामासाठी संगणक, त्याची दुरुस्ती आणि वीज यांचा खर्च जास्त होता. मग त्यांनी सात गावांत आठ महिने साध्या मोबाईलचा एसएमएस वापरून तीच माहिती पाठवून पाहिली. ते स्वस्त पडले, सोयीचे ठरले आणि शेतकऱ्यांनाही अधिक आवडले. माझ्या मते ही योजना फसली असे म्हणणे चूक आहे, कारण गावात बसून कारखान्याचा हिशोब कळतो हे तिनेच दाखवून दिले. मात्र दुकानात जाऊन केबल, राऊटर विकत घेण्याआधी पालकांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा : कोणाकडून कोणाकडे, काय आणि किती जायचे आहे? चार ओळींचा निरोप असेल तर फोन पुरे. लग्नाचे चित्रीकरण, वर्षभराच्या टिपणांच्या फाईली, आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे असतील तर संगणक जोडावेत.

आता थोडे गणित करू. समजा चित्रीकरणाची फाईल ८ जीबीची, म्हणजे ८००० एमबीची आहे. केबलचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट. इथे एक खोच आहे. वेग 'बिट'मध्ये सांगतात आणि फाईल 'बाइट'मध्ये मोजतात. ८ बिटांचा १ बाइट. म्हणून १०० ला ८ ने भागले की सेकंदाला १२.५ एमबी येतात. ८००० भागिले १२.५ म्हणजे ६४० सेकंद, पावणेअकरा मिनिटांच्या आत. (प्रत्यक्षात थोडा वेग पत्ते वगैरे लिहिण्यात खर्च होतो, म्हणून बारा मिनिटे धरा.) तीच फाईल सेकंदाला १० मेगाबिट वेगाने इंटरनेटवर चढवायची तर ६४०० सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांहून जास्त, आणि मग दुसऱ्या संगणकावर उतरवून घेण्याचा वेळ वेगळाच. नवीन संगणकांवर केबलचा वेग १००० मेगाबिट असतो. तिथे हे काम दीड मिनिटाच्या आतबाहेर होते, अर्थात हार्ड डिस्क तितकी वेगवान असेल तर.

केबल कशी असते?

लॅन केबल सोलून पाहिली तर आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. पीळ शोभेसाठी नाही. बाहेरच्या विजेच्या तारांचा उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच होतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा करता येतो. टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची पिन बसवतात. तारांचा नेहमीचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० मेगाबिटच्या वेगाला यांतील पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी अशा चारच तारा लागतात. १००० ला आठही लागतात. म्हणूनच उंदराने एखादी तार कुरतडली की कधी कधी केबल बंद पडत नाही, नुसती मंदावते.

पूर्वी दोन संगणक एकमेकांना थेट जोडायला 'क्रॉस केबल' लागे. तिच्या एका टोकाला पहिली व तिसरी, दुसरी व सहावी या तारांची अदलाबदल केलेली असते, कारण एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात जायला हवे. आजच्या बहुतेक संगणकांना हे आपोआप कळते, त्यामुळे साधी केबलही चालते. दोनहून जास्त संगणक असतील तर मध्ये 'स्विच' नावाची छोटी पेटी लागते. घरात वायफायचा राऊटर असेल तर तोच हे काम करतो आणि केबलचीही गरज उरत नाही. दोन्ही संगणक एकाच वायफायला जोडले असले म्हणजे झाले. मात्र एक संगणक 'गेस्ट' वायफायवर असेल तर तो दुसऱ्याला दिसत नाही. ते नेटवर्क पाहुण्यांना वेगळे ठेवण्यासाठीच असते.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. ही मर्यादा ऐकून शेजारच्या काकांच्या घरापर्यंत गच्चीवरून केबल ओढण्याचा मोह होईल. तो आवरावा. पावसाळ्यात वीज जवळपास पडली तरी अशा उघड्या केबलमधून झटका येऊन दोन्हीकडचे संगणक जळू शकतात. दोन घरांमध्ये वायफाय किंवा काचेच्या तंतूची केबल वापरावी. घरातही लॅन केबल विजेच्या वायरला बांधून नेऊ नये. राऊटर आणि स्विच यांना वीज लागते, त्यामुळे लाईट गेली की तेही बंद. पण दोन लॅपटॉप थेट केबलने जोडले असतील तर बॅटरीवर काम चालू राहते.

पत्ता आणि परवानगी

तार जोडली म्हणजे रस्ता झाला. पोस्टमनला घर सापडायचे तर पत्ता हवा. प्रत्येक संगणकाला चार आकड्यांचा 'आयपी' पत्ता असतो. राऊटर असेल तर तो पत्ते स्वतःच वाटतो. थेट केबल असेल तर विंडोज थोडा वेळ वाट पाहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपणच घेते. हाताने द्यायचा असेल तर एका संगणकाला १९२.१६८.१.१, दुसऱ्याला १९२.१६८.१.२ आणि दोघांनाही सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० द्यावा. (संगणकात हे आकडे इंग्रजी अंकांत भरायचे आहेत.) १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती नेटवर्कांसाठी राखून ठेवलेले आहेत. कलबुर्गीच्या घरातही हाच पत्ता असतो आणि लंडनच्या घरातही, कारण तो घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. आपल्याकडे 'आई' अशी हाक मारली की आपापल्या घरातलीच आई ओ देते, त्यातला प्रकार.

आता मुख्य भाग. जो संगणक फाईल देणार, त्यावर एक नवीन फोल्डर करावे. त्याचे नाव इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता लिहावे. फोल्डरवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये 'शेअरिंग' निवडावे आणि कोणाला वाचता येईल, कोणाला बदल करता येईल ते ठरवावे. मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन आपले नेटवर्क 'प्रायव्हेट' करावे. ते 'पब्लिक' राहिले तर विंडोज सुरक्षेसाठी दार बंदच ठेवते. दुसऱ्या संगणकावर फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पहिल्या संगणकाचे नाव किंवा पत्ता लिहिला की ते फोल्डर दिसू लागते.

इथे निम्म्या घरांत गाडी अडते. संगणक नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि घरच्या संगणकाला तर पासवर्डच ठेवलेला नसतो. रिकामा पासवर्ड असलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. रोज टाकतो तो चार अंकी पिनही चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. कंटाळून बरेच जण 'पासवर्डशिवाय शेअरिंग' सुरू करतात. तसे करू नये. देणाऱ्या संगणकावर फाईलींसाठी एक वेगळे साधे खाते काढावे, त्याला पासवर्ड द्यावा आणि तोच दोन्हीकडे वापरावा. पाच मिनिटांचे काम आहे.

असा आग्रह धरण्याचे कारण सांगतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणकांमधील फाईली त्याने कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांतली कामे खोळंबली. तो पसरला तो आज आपण शिकतो आहोत त्याच दारातून, म्हणजे विंडोजच्या फाईल-शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतील एका खोटीतून. एका संगणकात शिरला की कोणी काही क्लिक न करता तो त्याच नेटवर्कवरील दुसऱ्यात जाई. गंमत म्हणजे ती खोट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. म्हणून अपडेट टाळू नयेत. विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे जुने संगणक जोडायचेच असतील तर इंटरनेटशिवाय, थेट केबलने जोडावेत.

फोनबद्दलही एक सूचना. फाईल पाठवण्यासाठी मुले पूर्वी 'शेअरइट' आणि 'झेंडर' वापरत. जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये ही दोन्ही होती. कुठून तरी मिळवून ती पुन्हा टाकू नयेत. अँड्रॉइड फोनमध्ये 'क्विक शेअर' ही सोय आता मुळातच असते आणि ती संगणकावरही घेता येते.

फाईल आली, पण वाचता येईना

आपल्यासारख्या सीमेवरच्या गावात ही अडचण दुहेरी आहे. २००० च्या आसपास मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींत टाईप होत असे आणि कन्नड मजकूर 'नुडी'मध्ये. त्या जुन्या पद्धतीत फाईलमध्ये मराठी अक्षर नसतेच. तिथे इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि फाँट त्यांच्यावर मराठी रूप चढवतो. फाईल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तो फाँट तिथे नसला की लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाईल खराब झाली असे समजून लोक ती पुसून टाकतात! फाईल शाबूत असते, फाँट हरवलेला असतो.

युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी 'क'चा २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. त्यामुळे एकाच फाईलमध्ये दोन्ही लिप्या सुखाने नांदतात आणि कुठल्याही संगणकावर वाचता येतात. ज्या घरात जुन्या फाँटमधील मजकूर आहे, त्यांनी तो जुना संगणक मोडीत काढण्याआधी दोन कामे करावीत. त्याच संगणकावर त्या फाईलींची पीडीएफ करावी, कारण पीडीएफ फाँट आपल्या पोटात घेऊन जाते. आणि जमल्यास मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. जुन्या हार्ड डिस्क सांगून बंद पडत नाहीत.

आपल्या अनेक घरांत इकडच्या जमिनीची पहाणी आणि उमरगा किंवा अक्कलकोटकडच्या जमिनीचा सातबारा, शाळा सोडल्याचे मराठी दाखले, जुने फोटो असे सारे एकाच संगणकात स्कॅन करून ठेवलेले असते. ते दुसऱ्या संगणकावरही उतरवून ठेवणे हा या जोडणीचा सर्वांत मोठा उपयोग आहे असे मला वाटते. लक्षात घ्या, शेअर केलेले फोल्डर दुसऱ्या संगणकावरून दिसते म्हणजे त्याच्या दोन प्रती झाल्या असे नव्हे. प्रत एकच असते, पाहणारे दोन असतात. ती 'कॉपी' करून आणावी लागते. शिवाय नेटवर्कवरून पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, कायमची जाते. म्हणून कागदपत्रांच्या फोल्डरला फक्त वाचण्याची परवानगी ठेवावी, आणि आधार किंवा बँकेचे कागद शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवूच नयेत.

स्वाध्याय : पालकांच्या देखरेखीखाली घरातील दोन संगणक, किंवा एक संगणक व एक फोन, मोबाईल डेटा बंद ठेवून जोडा आणि १०० एमबीहून मोठी एक फाईल पाठवा. लागलेला वेळ सेकंदांत मोजा आणि वेग मेगाबिटमध्ये काढा. पेनड्राइव्हने तीच फाईल नेण्याचा वेळही मोजा. पेनड्राइव्हवर चढवणे आणि उतरवणे दोन्ही धरा. ज्यांच्या घरी एकच संगणक आहे त्यांनी शाळेच्या संगणक कक्षात मित्राबरोबर हा प्रयोग करावा. त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, संगणकातील कोणत्या पाच फाईली हरवल्या तर पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची यादी वहीत लिहून आणा.